बेहड्यावरचा दत्तक

मिठाचा कारखाना, गांधीधामच्या पुढे, कच्छ
दि. २० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सौ. सगुणावहिनीस,

संदेशचा शि. सा. नमस्कार वि. वि. वि. वि. म्हणजे विनंती विशेष, हे तुम्हीच शिकवलंत. आज विनंती काही नाही, विशेष मात्र आहे. मी इथे खुशाल. तिकडची खुशाली मला समर्थकडून कळली, तुमच्याकडून नाही.

खालच्या वाडीतला समर्थ सुट्टी संपवून परवा आला. तो दुसऱ्या गाडीवर असतो, जेवण मात्र आमचं एकत्र. ओले काजूगर पुढे ठेवून, तोंड एवढंसं करून त्याने सांगितलं की तुमच्याकडे दतकाचा कार्यक्रम झाला. मला वाटलं मस्करी करतो. पण हसला नाही. म्हणाला, नारळ फोडला, पेढे वाटले, पुण्याच्या कोणी बाई स्वतःची गाडी घेऊन आल्या होत्या, त्यांनी पैसे भरले, दादाने कागदावर सही केली आणि सगळ्यांनी फोटो काढले. फोटोत तुम्ही लग्नातली साडी नेसला होतात म्हणे.

मी विचारलं दिसायला कसा आहे, तर म्हणाला काळा-पांढरा. नाक केवढं, तर त्याने हाताचं कोपर दाखवलं. आपल्या घरात एवढं नाक कोणाचं झालेलं नाही, म्हणजे आपल्यातला नाही हे तरी नक्की. मग विचारलं, बाईमाणूस कोणी बरोबर आहे का. तर आहे म्हणे, आत असते, बाहेर म्हणून येत नाही, हाच येऊन-जाऊन खायला पुरवतो. म्हणजे दतक घेतलात तो बिऱ्हाडासकट! पुण्याच्या बाईंना पण लांबूनच दाखवलं, जवळ जाऊ दिलं नाही. दृष्ट लागेल म्हणून का? मला गोवर आला होता तेव्हा अख्खी वाडी डोकावून गेली, दृष्टीची आठवण कोणाला झाली नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण समर्थ शेवटी म्हणाला की त्याच्या नावाची पाटी पण लावली आहे, बाबल्या म्हणून. वहिनी, ह्या जगात मला बाबल्या म्हणणारं एकच तोंड आहे. ते नाव पण दिलंत?

तुम्हाला मूल नाही हे मी कधी बोललो नाही, कारण मला वाटायचं मी आहे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा आणि तुम्ही नव्या नवरी. मला पदरात घेताना कोणी नारळ फोडला नव्हता. फुकटात मिळालो, म्हणून किंमत नाही. सातबाऱ्यावर बाबांच्या मागे दादाचं आणि माझं नाव लागलं आहे. आता तिथे तिसरं चढवणार असाल तर आधी कळवा, म्हणजे मी गाव सोडलं असं समजून चालीन.

फोनवर बोललो असतो, पण फोनवर तुम्ही हसता आणि मग मला राग धरून ठेवता येत नाही. पत्रात मधे कोणी हसत नाही.

लोभ असावा, नव्या माणसाला वाटून उरला असेल तर.

आपला,
संदेश (दुसरं नाव तुम्ही देऊन टाकलंत)


दि. ४ मार्च २०२५

चि. संदेश ऊर्फ जुना बाबल्या यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी पडवीत बसून वाचलं आणि अशी हसले की दादाला वाटलं ठसका लागला, तो पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. त्याला वाचून दाखवलं. तो हसला नाही, पण तांब्यातलं पाणी स्वतःच प्यायला. म्हणजे पत्रातसुद्धा मधे हसतात, एवढं ध्यानात ठेव. आणि मला ‘तुम्ही’ कधीपासून म्हणायला लागलास? ‘दत्तक’ दोन तांचा असतो. तू सगळीकडे एका तावर भागवलंस. एवढ्या रागात एक त जास्तीचा खर्च झाला असता तर काय बिघडलं असतं?

आता नीट ऐक. पावसाळ्यात वाहणाऱ्या त्या पऱ्ह्याच्या वरच्या अंगाला आपला बेहडा आहे ना, ज्याच्याखाली झोपलं की भूत लागतं असं मामंजी सांगायचे, त्याच्या ढोलीत गरुडाचं घरटं आहे. आपण गरुड म्हणतो, रानं राखणाऱ्या एका संस्थेची नम्रता म्हणून मुलगी येते, ती त्याला धनेश म्हणते. चोच केवढी असते ते तुला माहीत आहे, तेच ते समर्थचं कोपर. ह्याची मादी ढोलीत शिरते आणि आतून लिंपून घेऊन तोंड बंद करते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. अंडी, पिल्लू, सगळं तिथेच. तोवर नर रानभर फिरून उंबरं, नांद्रुकाची फळं आणतो आणि घशातून एकेक काढून त्या फटीतून भरवतो. तो आला नाही तर आतली उपाशी. तर आत असते ती ही बाई, आणि येऊन-जाऊन असतो तो बाबल्या. पोर अजून अंड्यात आहे. त्याच्यावर तू आत्तापासून डोळा ठेवू नकोस.

दत्तक घेतलं आहे ते घरटं. लांज्याच्या कंत्राटदाराने समोरचा डोंगर बोडका केला तो तू गणपतीत बघितलास. तोच आपल्या राईला मागणी घालून गेला होता. मग संस्थेची माणसं आली आणि म्हणाली, झाड उभं ठेवा, त्याचे पैसे देतो. शहरातली माणसं एकेक घरटं वर्षभरासाठी दत्तक घेतात. ते भरतात त्यातून झाडाच्या मालकाला मोबदला, राखण करणाऱ्याला मजुरी आणि रोपांचा खर्च निघतो. बाबल्या घरट्याखाली बिया टाकतो, त्या वेचून मी पिशव्यांतून रोपं करते आहे, ती त्या बोडक्या डोंगरावर लावायची आहेत. झाड तोडायचे पैसे मिळतात हे ऐकलं होतं, न तोडायचे मिळतात हे पहिल्यांदाच. दादा चार दिवस म्हणत होता की ह्यात काहीतरी गोम असणार. अजून सापडलेली नाही, शोधतो आहे. राखण त्याच्याच नावावर लावली आहे, कारण सही त्याची. बसते मी. त्याला काजूतून डोकं वर काढायला कुठे मिळतंय?

नावाचं सांगते. नम्रताने विचारलं, नराचं नाव काय ठेवूया. तेवढ्यात तो आला. एका फांदीवर बसला, तिथे करमलं नाही, दुसरीवर गेला, तिथून तिसरीवर, मोठ्याने ओरडला, आणि काही न देताच निघून गेला. माझ्या तोंडून निघून गेलं की हा तर आमचा बाबल्याच. नम्रताने ते तसंच पाटीवर लिहून आणलं. ह्यात मी काय करू?

एक काम आहे. करार दहा वर्षांचा आहे. झाड आणि भोवतीची राई तोडायची नाही. दादाची सही झाली, पण सातबारा सामाईक, तुझ्या सहीशिवाय पुढचं अडलं आहे. शिमग्याला ये. पालखी दारात येईल तेव्हा तू हवास. सही कर, आणि तुझ्या नावाच्या पाहुण्यालाही बघून जा. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण रेंज वर सड्याच्या माळावर टाकीपाशी येते आणि तिथे उभं राहून बोललं की ते बोलणं गावचं होतं.

लोभ आहे तेवढा आहे. तो मोजायला बसू नकोस, हिशेबात तू पहिल्यापासून कच्चा.

तुझी,
वहिनी


कच्छ, दि. १६ मार्च २०२५

ती. स्व. वहिनीस शि. सा. नमस्कार.

दत्तक. दत्तक. दत्तक. प्रत्येकात दोन त आहेत, तपासून घे.

समर्थच्या डाळीत मी मूठभर मीठ घातलं. इथे मिठाला तोटा नाही. त्याने ताट पुसून खाल्ली, म्हणजे त्याला कळलं.

पोर नाही, पक्षी आहे, हे वाचून मला बरं वाटायला पाहिजे होतं. अर्धा दिवस वाटलं पण. मग गाडी भरेपर्यंत बसून पत्र परत वाचलं. सगळ्या पानांवर गरुड. काय खातो, कसा भरवतो, कुठे बसतो. मी शेवटी, आणि तो पण सहीपुरता. मी काय खातो हे तू ह्या पत्रात विचारलं नाहीस. भात आणि बटाटा खातो. मासा महिन्यातून एकदा, तो पण बर्फातला.

इथे झाड नाही. वेडी बाभूळ आहे, तिला झाड म्हणायला माझी जीभ वळत नाही. आल्या आल्या मला सांगितलं, तुझं काम आगरावर आहे. मी खूश झालो, म्हटलं केळशीच्या आत्याच्या आगरासारखं नारळी-पोफळीचं असेल. येऊन बघतो तर मिठाचे वाफे. सहा वर्षं झाली. गाडी चालवतो, इथून गोव्यापर्यंत, पण दुसऱ्याची. केबिनमध्ये मी पण कोंडलेलाच की. काच चार बोटं खाली, तेवढीच फट. मला कोण उंबर भरवतो? पुण्याच्या बाईंना विचारून बघ, एखादा माणूस दत्तक घ्यायचा आहे का. नाक लहान आहे, पण आवाजाला मी त्याच्यापेक्षा कमी नाही.

आणि माझं नाव त्याला दिलंस ते कशावरून, तर काही न देता निघून गेला म्हणून. भिंतीवरचं घड्याळ कोणी आणलं? ते बंद पडलं असेल तर तसं सांग.

आता दुसरं. कंत्राटदाराचा मला फोन आला होता. किती गोड बोलतो तो. जेवलास का, असं आधी विचारलं. म्हणाला, दोघांच्या सह्या लागतात, तुम्ही हो म्हणा, भावाचं मी बघतो. राईच्या पैशात माझी एक जुनी पिकअप येते. माझी म्हणजे माझी. मी हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही. जन्मात पहिल्यांदा दोन माणसं माझ्या सहीसाठी ताटकळली आहेत. ताटकळू देत जरा.

शिमग्याला आलो नाही ते तुला दिसलंच. सुट्टी मिळत होती. पण पालखी नाचवायला तुमच्याकडे दुसरा बाबल्या आहे, त्याच्या खांद्यावर द्या.

लोभ आहे हे मला माहीत आहे. कोणावर, ते तू एकदा ठरव.

तुझा,
संदेश


दि. २७ मार्च २०२५

चि. संदेश यास हरिश्चंद्रचे आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तुझं पत्र ह्या वेळी सगुणाने मला वाचून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी चहात साखरेऐवजी मीठ आलं. तेव्हा मी ते मागून घेतलं आणि वाचलं.

भांडण नको. बेहडा आणि राई तुझ्या वाटणीला. घरामागचा काजू माझ्या. तलाठ्याकडे वाटपाचा अर्ज काल दिला. कागद व्हायचा तेव्हा होईल, माझा शब्द आजपासून. संस्थेला सांगितलं की मालक संदेश, त्याच्याशी बोला. कंत्राटदारालाही तेच सांगितलं. आता तुला माझी सही लागत नाही आणि मला तुझी मागावी लागत नाही. तोड नाहीतर ठेव.

तोडणार असलास तर पिल्लू बाहेर येईपर्यंत थांब. मे महिना उजाडेल. आत मादीची पिसं झडलेली असतात, नवी फुटेपर्यंत तिला उडता येत नाही. झाड पडलं तर ती पळणार कशी? एवढंच माझं मागणं.

तू लिहिलंस की तुला कोणी विचारत नाही. मी ह्याच घरात राहतो. सकाळी सगुणा बेहड्याखाली जाते. दुपारी येते ती बाबल्याने काय आणलं ते सांगत. संध्याकाळी विचारते, टपाल आलं का. ते पण बाबल्याचंच. ह्या दोन बाबल्यांत मी कुठे बसायचं ते मला कोणी सांगितलेलं नाही. पण म्हणून मी कोणाला पत्र लिहीत बसलो नाही.

घड्याळ चालू आहे.

लोभाचं मला लिहिता येत नाही. गाडी सांभाळून चालव.

हरिश्चंद्र

ता. क. वाटणीचं मला विचारलेलं नाही. पाकीट चिकटवायच्या आधी मी उघडून वाचलं, म्हणून लिहिते. जमीन वेगळी करा, चूल वेगळी झालेली नाही. जेवलास का? – सगुणा


गोव्याची हद्द, दि. ५ मे २०२५

ती. स्व. वहिनीस शि. सा. नमस्कार.

जेवलो. आधी ते लिहितो, कारण तू विचारलं होतंस.

दादाचं पत्र खिशात घालून महिनाभर फिरलो. आता कंत्राटदाराला हो म्हणायला कोणाला विचारायचं नव्हतं, आणि गंमत बघ, त्यातली मजाच गेली. दादाने भांडायला तरी ठेवायचं काहीतरी. तो नेहमी असंच करतो. लहानपणी मी लाडू हिसकावायला गेलो की दोन्ही लाडू माझ्या हातात द्यायचा आणि मग मला रडायलाही कारण उरायचं नाही.

परवा हातखंब्याला गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. मिस्त्री म्हणाला संध्याकाळ होईल. मी एसटी पकडून फाट्यावर उतरलो. रागावू नकोस, घरी आलो नाही. झाडापाशी आलो. माझं झाड, बघायला कोणाची परवानगी? खरं सांगतो, कंत्राटदाराला आकडा सांगायच्या आधी बुंधा केवढा आहे तो बघावा, म्हणून आलो होतो. सुतळी पण होती खिशात.

वरच्या अंगाने, कोरड्या पऱ्ह्यातून उतरलो. राईच्या दगडी गडग्यापाशी आलो तर खाली तू बसलेली. डोक्याला दादाचा टॉवेल, डोळ्याला दुर्बीण, एकदम संस्थेची बाई. मी गडग्यामागे खाली बसलो. बाबा सांगायचे बेहड्याखालचं भूत लागतं. मला आधीच लागलेलं होतं.

मग तो आला. आधी आवाज आला. मला वाटलं सड्यावरच्या रस्त्याने भरलेली गाडी चढाला लागली, आणि मी सवयीने मनात गिअर बदलला. वर बघितलं तर तो, आवाज त्याच्या पंखांचा. वहिनी, लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तो देखणा आहे. समर्थने हे सांगितलं नव्हतं.

तू त्याला म्हणालीस की आत्ता उजाडलं का तुझं, आणि आतलीने काय वारा खाऊन राहायचं? मी शाळेतून पऱ्ह्यावर खेकडे पकडत उशिरा आलो की मला हेच ऐकावं लागायचं, फक्त आतलीच्या जागी तू असायचीस. शब्द तेच, त्यावर ‘मेल्या’ पण तोच. मी चाट पडलो. मला वाटायचं ते बोलणं माझ्या मापाचं शिवलेलं आहे.

मग तो खोडाला चिकटून बसला आणि घशातून एकेक उंबर काढून देत राहिला. एवढी मावतात कशी? दिलं, परत मान झटकली, परत एक. दुसऱ्याचं सामान पोचवणारा माणूस असतो तसा नव्हता तो, स्वतःच्या घरचं उतरवून घेत होता. शेवटचं दिल्यावर तू टाळी वाजवलीस. हळू, पण वाजवलीस. माझ्यासाठी तू टाळी वाजवल्याचं मला आठवतं ते चौथी पास झालो तेव्हाचं. त्यानंतर मी टाळी वाजवण्यासारखं काही केलंच नाही, हे पण आहे म्हणा.

मी पुढे यायला पाय उचलला होता. मग मनात आलं की मी पुढे आलो आणि तू उठली नाहीस तर? तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केलीस, आणि परत तिकडेच बघत राहिलीस तर? ते मला बघायचं नव्हतं. म्हणून तसाच मागे फिरलो. आता विचारतो. उठली असतीस का?

बुंधा मोजलाच नाही. हातखंब्याला जाऊन कंत्राटदाराला फोन केला आणि नाही म्हटलं. त्याचं गोड बोलणं तिथल्या तिथे संपलं, जेवलास का ते राहिलंच. झाड पाडलं असतं तर तू उठली असतीस, हे मला नक्की माहीत आहे. पण ते उठणं मला नको.

नम्रताबाईंनी करार फोनवर पाठवून ठेवला होता. तो हातखंब्यालाच छापून घेतला, सही करून ह्या पाकिटात घातला आहे. मालक आता मी, म्हणून माझ्या दोन अटी मागच्या बाजूला लिहिल्या आहेत, त्यांना वाचायला सांग. राखणीची मजुरी जी बसते तिच्या नावावर निघायला पाहिजे. दादाने नुसतं नाव लावायचं आणि उन्हात तू, हे मी बघून आलो आहे. दुसरी अट पाटीची. त्याने यावं, जावं, भरवावं, मला काही म्हणायचं नाही. पण बाबल्या मी आहे. माझ्या झाडावर माझ्याच नावाचा दुसरा मला खपणार नाही. नाव काढा.

लोभ असावा. कोणावर, ते ह्या वेळी लिहीत नाही.

तुझा,
बाबल्या (मूळचा)


दि. १८ मे २०२५

चि. बाबल्या (मूळचा) यास आशीर्वाद, आणि एक धपाटा, तो आलास की मिळेल.

मेल्या, स्वतःच्या राईत गडग्यामागे लपायला तू काय रानडुक्कर आहेस? दादाला सांगितलं तर म्हणाला, पाटा बसवायला किती लागले ते लिहिलंय का.

तुझं पत्र आलं तो दिवस कसा होता ते सांगते. दोन दिवसांपासून ढोलीचं लिंपण आतून फुटायला लागलं होतं. पिल्लू चोच मारायचं, ढेपळ पडायचं, की परत शांत. नम्रताने बजावून ठेवलं होतं की पिल्लू पहिल्यांदा उडतं ते बघायचंच, कधी आणि कुठे गेलं ते कळवायचं. पुण्याच्या बाई त्याच्याचसाठी फोनकडे डोळे लावून बसल्या होत्या. मी तर फेब्रुवारीपासून बसले होते. त्या दिवशी पाणी प्यायलासुद्धा उठले नाही. टपालवाली गंगा खाली बेहड्यापाशीच आली, मी घरी सापडत नाही हे तिला आता पाठ झालंय. पत्र गुडघ्यावर उघडलं. एक डोळा ढोलीवर, एक कागदावर.

आणि तू विचारलं होतंस ती ओळ आली.

मी उठले. पत्रावरची तारीख मी वाचली होती, तू तिथे नाहीस हे मला कळत होतं, मी काही वेडी झालेली नाही. तरी गडग्यावर चढून पलीकडे बघितलं. मागे बिस्किटाचा कागद होता, तुझाच असणार. राईत कचरा टाकतोस आणि मालक म्हणवतोस. तिथून चढण चढून फाट्यावर गेले. मिठाची गाडी ओळखायची कशी ते मला माहीत नाही, म्हणून ताडपत्री बांधलेल्या सगळ्यांना हात करत उभी राहिले. एक थांबला. दाढीवाला सरदारजी होता, त्याने हिंदीत विचारलं की मावशी, कुठे जायचंय. मी म्हटलं, कुठे नाही. त्याने मला पाण्याची बाटली दिली आणि गेला. चांगला होता बिचारा.

परत आले तेव्हा उन्हं कलली होती. लिंपण फुटून खाली पडलेलं, ढोली उघडी, आत कोणी नाही. फांदीवर नाही, पऱ्ह्यावर नाही. पिल्लू उडालं ते कोणीच बघितलं नाही. नम्रता हिरमुसली, पुण्याच्या बाईंना काय सांगू म्हणून विचारत होती. मी म्हटलं, खरं ते सांग, राखणीची बाई जागेवर नव्हती. मजुरी माझ्या नावावर लागली आहे, आता बोलणी पण माझ्याच नावावर घ्यायला हवीत.

तुझी सही पोचली आणि दोन्ही अटी मान्य झाल्या. पाटी दादाने खरवडली. रंग निघता निघेना, चिंच लावून घासली, तेव्हा म्हणाला की हा पण तसाच चिवट. नम्रता नवीन नाव विचारत होती. मी सांगितलं, नको. पुढच्या वर्षी तो आला तर आला म्हणू. रोपं ढोपराएवढी झाली आहेत, पाऊस लागला की वर नेऊ. दादा हल्ली दुपारचा चहा घेऊन बेहड्याखाली येतो. रिकाम्या ढोलीखाली आम्ही दोघं बसतो. चहा साखरेचा असतो.

गणपतीला ये. पऱ्ह्यातून नको, गडग्यावरून नको, पुढच्या दाराने ये. तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर लिहून झालं आहे, परत विचारू नकोस.

बाकी लोभ. तो सातबाऱ्यावर चढत नाही, त्यामुळे त्याची वाटणी कोणाला मागता येत नाही.

तुझी,
वहिनी